हे यंत्र नसतं तर आज निघालो असतो का? छोटं विमान उडवणाऱ्यांसाठी

फेब्रुवारीतला शनिवार होता. माझा एक विद्यार्थी, मूळचा पुण्याचा, बायको आणि दोन मुलांना घेऊन कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोरहून सिएरा पर्वतातल्या ताहोला बर्फात खेळायला निघाला होता. त्याचं छोटं विमान, सिरस एसआर-२२, इंधन भरून तयार उभं. मी दुसऱ्याच कुणाला शिकवायला आले होते, तेवढ्यात त्यानं टॅबलेट माझ्यापुढे धरला. सिएरा पर्वतावर ढग, ढगांत विमानावर बर्फ धरण्याचा इशारा, शिखरं झाकलेली.

"ताई, बर्फ धरू नये म्हणून पंखांवर द्रव सोडणारं टीकेएस आहे. ऑक्सिजन आहे. ढगातसुद्धा स्क्रीनवर डोंगर दिसतात. आणि अगदीच काही झालं तर पॅराशूट आहेच."

"हे चारही नसते तर?"

तो जरा वेळ गप्प राहिला. "तर गाडीनं गेलो असतो."

"मग गाडीनंच जा."

ते इंटरस्टेट ८० नं गेले. डॉनर खिंडीच्या अलीकडे चाकांना साखळ्या बांधाव्या लागल्या, पोहोचायला सहा तास लागले. रात्री त्यानं मुलांचे फोटो पाठवले.

मी कॅलिफोर्नियात छोटी विमानं उडवायला शिकवते. माझ्याकडे येणाऱ्यांत आता मराठी मंडळी बरीच असतात. चाळिशीच्या आसपासची, कॉम्प्युटरच्या कामात मुरलेली, स्क्रीनची अजिबात भीती नसलेली. ही साधनं पायलटला फाजील आत्मविश्वास देतात का, असं मला लोक वरचेवर विचारतात. देतात. मला दिला होता, ते पुढे सांगते. पण म्हणून साधनं काढून टाका असं मी कुणालाच सांगणार नाही, कारण त्याच साधनांनी माणसं घरी परत आलेलीही मी पाहिली आहेत. ती वापरायची कशी, हे शिकावं लागतं. बारामती, धुळे, गोंदियाला शिकणाऱ्या मुलामुलींनाही यातलं बरंचसं लागू पडेल. मात्र मी लिहिते आहे ते इथले नियम आणि इथलं आकाश धरून.

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. कराड–चिपळूण, कुंभार्ली घाट. त्यांचा नियम असा, की ज्या गिअरनं घाट चढायचा त्याच गिअरनं उतरायचा. उतारभर ब्रेकवर पाय ठेवून गाडी आणली की ड्रम तापतात, आणि खालच्या वळणावर म्हैस आडवी आली की पायाखाली काही उरलेलं नसतं. ब्रेक शिल्लक ठेवायचा. पॅराशूट, ऑटोपायलट, स्क्रीनवरचे डोंगर यांच्याकडे मी तशीच बघते. निघतानाच त्यांच्या भरवशावर हवामान स्वीकारलं, तर शिल्लक जमिनीवरच संपली.

हा नुसता माझा समज नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं, म्हणजे एनटीएसबीनं, २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. २००२ ते २००६ या काळात बनलेली आठ हजारांवर एक-इंजिनी विमानं त्यांनी तपासली. काहींत वेग-उंची दाखवणारी जुनी गोल घड्याळं होती, काहींत नव्या स्क्रीन. स्क्रीनवाल्या विमानांचे एकूण अपघात कमी निघाले, पण जीवघेण्या अपघातांचं प्रमाण जास्त. त्यांचा आकडा दर एक लाख उड्डाण-तासांमागे १.०३ जीवघेणे अपघात असा होता. जुन्या घड्याळांच्या विमानांचा ०.४३.

आता यावरून "स्क्रीन माणसं मारते" असं कुणी म्हणालं तर मी त्याला थांबवते. त्याच अभ्यासात दिसतं, की स्क्रीनवाली विमानं लांबच्या प्रवासाला आणि वाईट हवामानात जास्त जात होती. चालवणारे वयानं आणि तासांनी मोठे होते. गोल घड्याळांची विमानं जास्त करून शिकवणीला, धावपट्टीभोवती घिरट्या घालत असत. म्हणजे साधन बदललं तसा प्रवासही बदलला. लोक अवघड ठिकाणी जायला लागले. माझ्या मते खरी गोष्ट तीच आहे. फाजील आत्मविश्वास हा छाती काढून चालणाऱ्या माणसासारखा दिसत नाही. तो "आज जमेल" अशा साध्या वाक्यासारखा दिसतो.

हे विमानापुरतंही नाही. १९८० च्या दशकात म्युनिकमधल्या काही टॅक्सींना नवे एबीएस ब्रेक बसवले आणि बाकीच्या तशाच ठेवल्या. अपघात कमी झाले नाहीत. चांगल्या ब्रेकवाले ड्रायव्हर वळणं जास्त झटक्यानं घेऊ लागले, पुढच्या गाडीच्या जास्त जवळ जाऊ लागले. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ जेराल्ड वाइल्ड यांनी यावर मांडणी केली, की माणूस आपल्या मनाशी धोक्याची एक पातळी धरून असतो आणि सोय मिळाली की तेवढा धोका परत भरून काढतो. सगळ्यांना ती पटत नाही. आठवड्याला चार विद्यार्थ्यांबरोबर बसल्यावर मला पटते.

निघण्याआधी: चार ओळी, पेनानं

टॅबलेटवर नको, कागदावर. मी विद्यार्थ्यांना एक वही ठेवायला सांगते आणि प्रवासाच्या आदल्या रात्री तीत चार ओळी लिहायला लावते. उद्या मला काळजी वाटते ती कशाची? त्या काळजीवर मी कुठल्या यंत्राचा भरवसा धरला आहे? ते यंत्र निम्म्या वाटेत बंद पडलं तर मी काय करणार? आणि ते यंत्र विमानात नसतंच, तर उद्या निघालो असतो का?

चौथीचं उत्तर "नाही" आलं तर उड्डाण रद्द. त्यावर माझ्याकडे चर्चा नाही. याला एकच अपवाद आहे: त्या यंत्राचं तुम्ही रीतसर शिक्षण घेतलंय, त्या कामासाठी त्याला मान्यता आहे, आणि तिसऱ्या ओळीत तुमच्याकडे खरंखुरं उत्तर आहे. इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेरचं न दिसता उपकरणांवर उडवण्याचा परवाना) असलेला, सराव चालू असलेला पायलट जीपीएसच्या भरवशावर ढगातून खाली उतरतो, तो याच अपवादात बसतो. "पॅराशूट ओढीन" हे तिसऱ्या ओळीचं उत्तर मी मान्य करत नाही. ते संकटातलं उत्तर आहे, बेतातलं नव्हे.

आदल्या रात्री का, तर सकाळी मुलं बूट घालून तयार असतात. मुलांच्या तोंडाकडे बघत चौथ्या ओळीचं उत्तर खरं येत नाही.

उन्हाळ्यात याच वहीत एक आकडा आणखी लिहायचा. ताहोजवळच्या ट्रकीचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५,९०० फुटांवर आहे. तिथं दुपारी ३२ अंश तापमान असेल तर विमानाच्या लेखी हवा ९,००० फुटांच्या वरची असते, तितकी विरळ. धावपट्टी लांब लागते, चढण मंदावते. कुठलीही स्क्रीन त्या विरळ हवेला दाट करत नाही. हा हिशेब हातानं करा. हातानं केला की तो पोटात जाणवतो.

पॅराशूट

सिरसचं पॅराशूट हे मी पाहिलेल्या साधनांतलं सर्वांत चांगलं, आणि त्याच्याबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. ही कंपनी काढणाऱ्या दोघा भावांपैकी ॲलन क्लॅपमायर १९८५ साली हवेतल्या टकरीतून वाचले. दुसऱ्या विमानाचा पायलट गेला. विमानालाच पॅराशूट हवं हा ध्यास त्यातून आला. ऑक्टोबर २००२ मध्ये टेक्सासात त्याचा पहिल्यांदा खराखुरा उपयोग झाला. दुरुस्तीनंतर उडालेल्या विमानाचं एक एलरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचा हलणारा भाग, सुटून लोंबू लागलं, पायलटनं हँडल ओढलं आणि तो चालत बाहेर आला.

असं असूनही पहिल्या दहा वर्षांत सिरसचा जीवघेण्या अपघातांचा हिशेब इतर छोट्या विमानांपेक्षा फारसा उजवा नव्हता. हे ऐकून विद्यार्थी चमकतात. पॅराशूट आहे म्हणून लोक नको तिथं गेले, हे एक कारण. दुसरं कारण मला जास्त अस्वस्थ करतं. नको तिथं गेलेल्या कितीतरी जणांनी ते ओढलंच नाही. शेवटच्या क्षणापर्यंत आपण सावरू असं त्यांना वाटत राहिलं. एकाच माणसात दोन्ही फाजीलपणा. निघताना पॅराशूटवर, आणि संकटात स्वतःच्या हातांवर.

पुढे मालक-पायलटांच्या संघटनेनं आणि कंपनीनं शिकवण्याची पद्धत बदलली. लवकर ओढा, लाजू नका, हे घोकून घेतलं. २०१४ साली सिरसमध्ये पॅराशूट ओढल्याच्या घटना जीवघेण्या अपघातांपेक्षा जास्त होत्या. यंत्र तेच होतं. वापरणारा बदलला.

तर ते असं शिका. विमानात बसल्यावर छतातल्या हँडलची सुरक्षा-पिन काढलेली आहे ना, हे स्वतः हात लावून बघा. टेकऑफआधी धावपट्टीच्या तोंडाशी मोठ्यानं म्हणा: "पाचशे फुटांखाली इंजिन गेलं तर समोर उतरणार. पाचशे ते दोन हजार, लगेच ओढणार. दोन हजारांच्या वर, आधी दुरुस्तीचा प्रयत्न, जमलं नाही तर ओढणार." आकडे तुमच्या मॉडेलच्या पुस्तकातून घ्या. नव्या मॉडेलांत पहिला आकडा सहाशे आहे. मग चढताना प्रत्येक टप्प्यावर हाक द्या. "पाचशे. पॅराशूट." "दोन हजार." मागच्या सीटवरच्यांना विचित्र वाटलं तर वाटू द्या.

ओढताना दोन्ही हात, सरळ खाली, हनुवटीखाली आणल्यासारखं. जोर पंचेचाळीस पौंडांपर्यंत लागू शकतो, म्हणजे वीस किलोची गोणी खेचण्याइतका. नाजूक हातानं ते होत नाही. कंपनीकडे सरावाचं हँडल असतं, जवळपास कुठं मिळालं तर एकदा ओढून या. जुन्या मॉडेलांत चाचणीतला जास्तीत जास्त वेग १३३ नॉट (ताशी सुमारे २४६ किलोमीटर) होता, नव्यांत १४०. त्याहून वेगात, नाक खाली घालून कोसळत असताना ओढलं तर छत्री टिकेल याची हमी कुणी दिलेली नाही. जुन्या मॉडेलांत सरळ उड्डाणात छत्री धरेपर्यंत सुमारे ४०० फूट उंची जाते, स्पिनचा, म्हणजे गरगरत कोसळण्याचा, एक फेरा पडला असेल तर ९२० फूट. म्हणजे लँडिंगच्या शेवटच्या वळणावर स्टॉल झालात, म्हणजे वेग पडून पंखांची उचल संपली, तर पॅराशूटला उघडायला जागाच नसते. ते वळण तुमच्या पायांनी आणि नजरेनंच सांभाळायचं.

ओढल्यावर विमान मिनिटाला सुमारे १,७०० फुटांनी खाली येतं. बारा-तेरा फुटांवरून आपटल्यासारखं टेकतं. इंधनाचं मिश्रण बंद, इंधनाची चावी बंद, सगळे स्विच बंद, पट्टे आवळा, आणि खाली तार किंवा झाड येईल ते येईल, तुमच्या हातात काही नाही. हँडलला हात घातला तेव्हाच विमान विमा कंपनीचं झालं असं धरून चाला. विमान वाचवायच्या विचारात माणसं गेली आहेत.

ऑटोपायलट

इथं माझी एकच सवय घ्या, बाकी सगळं नंतर. बटण दाबलं म्हणजे झालं असं समजू नका. स्क्रीनच्या वरच्या ओळीत ते हिरव्या अक्षरात उमटलं म्हणजे झालं. पांढऱ्या अक्षरात असेल तर ते अजून वाट बघतंय. प्रत्येक वेळी ती ओळ मोठ्यानं वाचा, मराठीत वाचली तरी चालेल. माझी एक विद्यार्थिनी "हेडिंग हिरवं, उंची पांढरी" असं पुटपुटत असते, आणि तिनं चुकीचं बटण दाबलं की तिचं तिलाच दोन सेकंदांत कळतं.

ऑटोपायलटला सांगितलेलं काम तो बिनतक्रार करत राहतो, हे त्याचं बळ आणि तोच त्याचा धोका. उंची धरायला सांगितली आणि इंजिनाचा जोर कमी झाला, किंवा पंखांवर बर्फ साचला, तर तो नाक वर, आणखी वर करत राहतो. तुमच्या हातात कांडी नसल्यामुळे ते जडपण तुम्हाला कळत नाही. वेग घसरतो, आणि जुन्या ऑटोपायलटमध्ये स्टॉलच्या तोंडाशी तो हात झटकून विमान तुमच्या हवाली करतो. नव्यांत वेग पडू न देण्याची सोय असते. भाड्याच्या विमानात ती आहे की नाही, हे आधी विचारून घ्या.

म्हणून चढताना आणि बर्फाच्या शक्यतेत मी दर दोन मिनिटांनी वेग वाचायला लावते. आणि तीन प्रकारे तो बंद करता आला पाहिजे: कांडीवरचं लाल बटण, पॅनेलवरचं बटण, आणि त्याचा सर्किट ब्रेकर. तिसरा कुठं आहे हे डोळे मिटून बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. जमिनीवर, इंजिन बंद असताना, आत्ता करा.

उलट बाजूही सांगते. चुकून ढगात शिरलात, डोकं गरगरायला लागलं, तर ऑटोपायलट लगेच लावा. काही विमानांत विमान सरळ करणारं निळं बटण असतं, ते दाबा. इलिनॉय विद्यापीठात १९५४ साली एक प्रयोग झाला होता. उपकरणांवर उडण्याची सवय नसलेल्या वीस पायलटांना बाहेरचं दिसेनासं केलं. विमानाचा ताबा सुटायला कमीत कमी २० सेकंद लागले, जास्तीत जास्त ४८०. सरासरी १७८. म्हणजे तीन मिनिटंसुद्धा नाहीत. त्या वेळी अभिमान बाजूला ठेवून बटण दाबणारा पायलट मला हवा आहे.

स्क्रीनवरचे डोंगर

आता माझी गोष्ट. डिसेंबर २०१३. माझे जेमतेम १८० तास झाले होते, इन्स्ट्रुमेंट रेटिंग नव्हतं. भाड्याचं सेस्ना १७२ घेऊन मी आणि नवरा सिएराच्या पायथ्याशी कोलंबियाला गेलो होतो. परतीला उशीर झाला. कोलंबियाहून लिव्हरमोर चाळीस मिनिटांचं अंतर, मध्ये सगळी सेंट्रल व्हॅली. हिवाळ्यात पाऊस होऊन गेला, रात्री आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला, की त्या खोऱ्यात जमिनीलगत दाट धुकं धरतं. इथं त्याला टूली फॉग म्हणतात. हे मला ठाऊक होतं. पुस्तकात वाचलं होतं.

निघालो तेव्हा वर चांदण्या होत्या. मोडेस्टोच्या आसपास खालचे दिवे पुसट झाले, मग कापसाखाली दिवा ठेवल्यासारखे दिसायला लागले, मग तेही गेले. लिव्हरमोरच्या रेडिओवर दृश्यमानता एक मैल सांगत होते. आधीच्या वेळी ती तीन होती. मी पुढेच जात राहिले. अकरा मिनिटं. नंतर मी जीपीएसमधली नोंद काढून मोजली.

का गेले? कारण माझ्यासमोरच्या स्क्रीनवर सगळं लख्ख होतं. आल्टामाँटचे डोंगर तपकिरी, खोरं हिरवं, वर निळं आकाश, पुढे लिव्हरमोरच्या धावपट्टीची पांढरी चौकट, आणि तिकडे नेणारी जांभळी रेघ. नवरा शेजारी खिडकीला नाक लावून बसला होता. तो म्हणाला, "मला खाली काहीच दिसत नाहीये. तुला दिसतंय?"

मी "हो" म्हणाले आणि स्क्रीनवर बोट ठेवलं.

बोट ठेवलेलं मला दिसलं, आणि पोटात गोळा आला. ते चित्र कॅमेऱ्यातून येत नव्हतं. साठवलेल्या नकाशावरून यंत्रानं काढलेलं होतं. त्यात धुकं नाही, ढग नाही, विजेची प्रत्येक तार नाही. भर दुपारी आणि काळोख्या रात्री ते सारखंच दिसतं. मी विमान वळवलं. टाकीत दीड तासाहून जास्त इंधन होतं, ते मी सवयीनं भरलं होतं, आणि त्या रात्री खरं त्यानं वाचवलं. कोलंबिया साधारण २,१०० फुटांवर, धुक्याच्या वर. माइकचं बटण सात वेळा दाबलं, धावपट्टीचे दिवे लागले, उतरलो. रात्र सोनोराच्या मोटेलात काढली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खोरं पांढरंच होतं.

परत फिरताना मला वाट दाखवली तीही त्याच जीपीएसनं. हे मी मुद्दाम लिहिते आहे. पुढे जायला वापरला तो चुकीचा, मागे यायला वापरला तो बरोबर.

त्यामुळे माझा नियम: दिसतंय का, हा प्रश्न खिडकीला विचारायचा. शेजारी बसलेल्या माणसाला उड्डाणापूर्वी सांगून ठेवा, की बाहेर दिसेनासं झालं की न विचारता मोठ्यानं सांग. त्याला विमानातलं काही कळत नसलं तर जास्तच चांगलं. तो स्क्रीनकडे बघत नाही.

हवामानाच्या चित्राचंही असंच. उपग्रहावरून किंवा जमिनीवरून येणारं पावसाचं रंगीत चित्र कोपऱ्यात "पाच मिनिटांपूर्वीचं" असं दाखवतं. ती पाच मिनिटं चित्र तयार झाल्यापासूनची असतात. रडारनं प्रत्यक्ष पाहिलं तेव्हापासून कधीकधी त्याच्याही वर पंधरा-वीस मिनिटं गेलेली असू शकतात. एनटीएसबीनं २०१२ साली यासाठी खास सूचना काढली, कारण त्या विश्वासावर माणसं गेली होती. तीस नॉटनं सरकणारं वादळ वीस मिनिटांत दहा नॉटिकल मैल पुढे येतं. स्क्रीनवर दोन लाल डागांच्या मध्ये दिसणारी वाट तुम्ही पोहोचेपर्यंत बुजलेली असेल. ते चित्र लांबून वळसा घालायला वापरा. तीव्र वादळापासून वीस मैल तरी.

शेजारच्या विमानांबद्दल थोडक्यात. १ जानेवारी २०२० पासून इथं बऱ्याच हवाई हद्दीत एडीएस-बी, म्हणजे विमानानं आपली जागा रेडिओवरून सतत कळवणारं यंत्र, सक्तीचं झालं, त्यामुळे स्क्रीनवर इतर विमानं दिसतात. ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाची विमानं, आणि बलून यांना त्यातून सूट आहे. होलिस्टरच्या आसपास शनिवारी दुपारी ग्लायडर खूप असतात, आणि स्क्रीन रिकामी. बाहेर पंधरा-सोळा सेकंद, आत चार, हे प्रमाण पाळा.

महिन्यातून एक तास हातानं

प्रवासी न्यायचे असतील तर कायदा नव्वद दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंग मागतो आणि चोवीस महिन्यांत एकदा इन्स्ट्रक्टरबरोबर उजळणी. मला हे फार अपुरं वाटतं. महिन्यातून एक तास काढा आणि तो कुठंही पोहोचण्यासाठी नसू दे.

मी विद्यार्थ्यांना लिव्हरमोरहून ट्रेसी, तिथून बायरन आणि परत असं नेते. कागदी नकाशा, घड्याळ, होकायंत्र. जांभळी रेघ बंद. एक स्क्रीन मी काळी करते आणि छोट्या राखीव उपकरणांवर उडवायला लावते. हे मी शेजारी असतानाच, एकट्यानं करू नका. बायरनला वारा हटकून आडवा असतो, आल्टामाँटच्या पवनचक्क्या उगीच तिथं उभ्या केलेल्या नाहीत. तिथं तीन क्रॉसविंड लँडिंग करायची. परतताना मी थ्रॉटल ओढून घेते, म्हणजे इंजिन बंद पडल्यासारखा जोर काढून घेते. सेस्ना १७२ एसला ६८ नॉट, तो वेग आपोआप टिकेल असं ट्रिम, शेत निवड, आणि पाचशे फुटांपर्यंत आपण खरंच त्या शेतात पोहोचतोय का ते बघ. पहिल्यांदा जवळजवळ सगळेच कमी पडतात. मनातलं शेत नेहमी जवळ असतं.

ज्याला सिरस उडवायचं आहे त्यालाही मी हे सेस्नावर करायला लावते. हळू विमानात चूक बघायला वेळ मिळतो.

घरच्या माणसालाही एकदा बरोबर घ्या आणि शिकवा. पॅराशूट कसं ओढायचं, रेडिओचं बटण कुठलं. मे २०२० मध्ये पायपर एम-६०० ला गार्मिन कंपनीच्या ऑटोलँडची मान्यता मिळाली. पायलट बेशुद्ध झाला तर प्रवाशानं एक बटण दाबायचं, विमान स्वतः विमानतळ निवडतं, बोलतं आणि उतरतं. २०२५ पासून सिरसच्या पिस्टन विमानांतही ते येऊ लागलं आहे. मला त्याचा मनापासून आनंद आहे. माझ्या सासूबाई विमानात बसायला तयार झाल्या त्या त्याबद्दल ऐकूनच. तरीही ते बटण मी नवऱ्यासाठी ठेवलेलं आहे, माझ्यासाठी नाही. माझ्या वहीतल्या दुसऱ्या ओळीत ते कधी येत नाही.

शेवटचं एक काम. लॉगबुकात शेरा लिहायची जागा असते, तिथं बहुतेक जण "छान उड्डाण" असं लिहितात. त्याऐवजी त्या दिवशी कुठल्या यंत्रानं मला सावरलं ते लिहा. "वळताना स्क्रीननं ओरडून सांगितलं." "उंची तीनशे फूट चुकली, ऑटोपायलटनं पकडली." सहा महिन्यांनी ती पानं घेऊन इन्स्ट्रक्टरकडे जा. ताहोच्या त्या विद्यार्थ्याच्या लॉगबुकात लागोपाठ पाच वेळा एकच नोंद होती: "उतरताना वेग जास्त, स्क्रीननं इशारा दिला." पुढचे दोन शनिवार आम्ही इशाऱ्याचा आवाज बंद करून फक्त उतरतच होतो.